चाळीस टक्क्यांची रेघ

पैसे वाढल्याची बातमी आली आणि माणसाच्या पोटात गोळा आला, असे सहसा होत नाही. दिव्यांगांच्या अनुदानाबाबत मात्र ते नेहमीचे आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना या दोन्हींतल्या दिव्यांग लाभार्थ्यांचे मासिक अनुदान १,५०० रुपयांवरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय घेतला. ऑक्टोबरपासून तो लागू झाला. एकदम हजार रुपयांची वाढ याआधी या योजनांनी पाहिली नव्हती. तरीही ज्या घरात हे पैसे येतात, तिथला पहिला प्रश्न असतो, ‘आता आणि कुठला कागद मागत्यात?’

हा प्रश्न कृतघ्नपणातून येत नाही, तो अनुभवातून येतो. सरकारी मदतीत बदल झाला की रक्कम एका दाराने येते आणि तपासणी दुसऱ्या दाराने. रक्कम जितकी मोठी, तितकी चाळणी बारीक. दिव्यांग माणसाला पैशाच्या आकड्याइतकीच या चाळणीची धास्ती असते, कारण तिच्यातून तो कधी आणि कशामुळे खाली पडला हे बहुतेक वेळा त्याला कळवलेच जात नाही. पासबुक भरून आणले की कळते, दोन महिने काही जमा नाही.

ही चाळणी कशी चालते ते समजून घ्यायला कोल्हापूरजवळचा जोतिबाचा डोंगर चांगली जागा आहे. सरकारी भाषेत हे गाव वाडी रत्नागिरी, तालुका पन्हाळा. समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांवर, केदारनाथाच्या देवळाभोवती वसलेले. गावाचे अर्थकारण सरळ आहे: देव आणि यात्रेकरू. पुजारी-गुरवांची घरे, गुलाल-खोबऱ्याची दुकाने, दवणा, नारळ, जेवणाखाण्याची आणि उतरायची सोय. रविवार देवाचा वार, त्यामुळे रविवारी गल्ला बरा. माघात कोल्हापूरहून पायी येणाऱ्यांचे खेटे, चैत्र पौर्णिमेला सासनकाठ्यांची मोठी यात्रा, श्रावणात षष्ठीची यात्रा, मग नवरात्र. मधल्या काळात, विशेषतः आषाढातल्या धुक्या-पावसात, गुलालाच्या राशीवर प्लॅस्टिक टाकून बसायचे.

आता समजा, अशा एका दुकानात लहानपणी पोलिओ झालेला पन्नाशीचा गृहस्थ बसतो. पायऱ्यांच्या गावात त्याला फार फिरता येत नाही. भाऊ माल आणतो, हा विकतो. त्याला अनुदान हवे असेल तर पहिला प्रश्न विचारला जाईल: कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न किती?

इथे पहिली गाठ आहे. संजय गांधी योजनेची सर्वसाधारण उत्पन्नमर्यादा वर्षाला २१,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला १,७५०. दिव्यांगांसाठी ती सवलतीची, ५०,००० रुपये. महिन्याला चार हजार एकशेसहासष्ट. ही मर्यादा त्या माणसाच्या कमाईवर नसून कुटुंबाच्या उत्पन्नावर आहे. रोजगार हमीची २०२५-२६ सालची महाराष्ट्रातली मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. घरातल्या एकट्या धडधाकट माणसाने १६० दिवस हमीच्या कामावर घालवले तर ४९,९२० रुपये होतात. एकशे एकसष्टाव्या दिवशी ते घर कागदावर गरीब राहत नाही. याच राज्यात लाडकी बहीण योजनेसाठी कुटुंबाची उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये ठेवलेली आहे. एकाच सरकारने एकाच प्रकारच्या मदतीसाठी गरिबीची व्याख्या पाचपट वेगळी करावी, याचे कारण योजनांच्या जन्मवर्षांत आहे. एक १९८० ची, दुसरी २०२४ ची. जुनीची मर्यादा अधूनमधून थोडी हलली, महागाईबरोबर मात्र कधी चालली नाही.

जोतिबासारख्या गावात उत्पन्न मोजणे आणखी अवघड. चैत्राच्या चार दिवसांत जे मिळते ते आषाढातल्या चाळीस दिवसांत मिळत नाही. तलाठ्याने अहवालात काय लिहावे? यात्रेत पाहिले तर दुकान भरभराटीचे दिसेल, पावसाळ्यात पाहिले तर दया येईल. मग सगळ्यांनाच ठाऊक असलेली तडजोड होते आणि दाखल्यावर मर्यादेच्या आतला एक आकडा येतो. हा आकडा खोटा आहे असे म्हणणे सोपे आहे. पण मर्यादाच अवास्तव ठेवली की ती पाळणारा दाखलाही अवास्तव होणार. उद्या कोणी कडक तपासणी लावली तर गुन्हेगार ठरणार तो लाभार्थी. मर्यादा लिहिणाऱ्याला कोणी काही विचारणार नाही. दिव्यांगांच्या काळजीचा एक मोठा हिस्सा इथे आहे: आपला कागद खरा असला तरी तपासाला टिकेल की नाही, याची खात्री नाही.

दुसरा प्रश्न टक्क्यांचा. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ साली संसदेत मंजूर झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस केले. ॲसिड हल्ल्यातले पीडित, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन, स्वमग्नता हे सगळे यादीत आले. पण बहुतेक लाभांसाठी एक रेघ कायम राहिली, चाळीस टक्के. त्याखाली तुम्ही दिव्यांग आहात, पण लाभार्थी नाही. केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना तर ऐंशी टक्क्यांची रेघ ओढते, शिवाय दारिद्र्यरेषेखाली असण्याची अट घालते.

टक्के मोजतात कसे? हात-पाय, डोळे, कान, बुद्धी अशा प्रत्येक प्रकारासाठी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना आहेत. सांधा किती वळतो, स्नायूत किती जोर उरला, किती फुटांवरचे अक्षर दिसते, किती डेसिबलपर्यंत ऐकू येते, अशा मोजमापांना सूत्रे लावून आकडा काढतात. या सूत्रांचे काही निकाल सामान्य माणसाला चक्रावून टाकतात. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा निकोप असेल तर दिव्यांगत्व ३० टक्के धरतात. म्हणजे एका डोळ्याने आंधळा माणूस रेघेच्या खाली. त्याला ट्रक चालवायला कोणी ठेवणार नाही, पण अनुदानाच्या यादीत तो धडधाकट.

बरे, ही सूत्रेही स्थिर नाहीत. २००१ मध्ये एक संच आला, २०१८ मध्ये दुसरा, २०२४ मध्ये तिसरा. आपल्या दुकानदाराचा पाय तोच आहे. उलट पोलिओ झालेल्यांचे स्नायू उतारवयात आणखी थकतात, वैद्यकाला हे माहीत आहे. तरीही जुन्या प्रमाणपत्रावरचे ४५ नव्या तपासणीत ३८ होऊ शकतात, कारण सूत्र बदलले, मोजणारा बदलला, त्या दिवशी सांधा वेगळा वळला. पूर्वी दीड हजार रुपये पणाला लागलेले असत, आता अडीच हजार. चाळीस आणि एकोणचाळीस यांच्यातला फरक शरीरात जाणवतही नाही, पण वर्षाला तो ३०,००० रुपयांचा आहे.

जुन्या कायद्याखाली दिलेली प्रमाणपत्रे त्यांच्या मुदतीपर्यंत ग्राह्य धरावीत असे नियमांतच आहे. व्यवहार मात्र हळूहळू एका कार्डाभोवती गोळा होत गेला. ते वैश्विक ओळखपत्र, म्हणजेच सगळ्यांच्या तोंडी असलेले ‘यूडीआयडी’. महाराष्ट्रात आधी हाताने लिहिलेली प्रमाणपत्रे होती, २०१२ च्या सुमारास संगणकीय आली, मग केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवरचे यूडीआयडी. १ एप्रिल २०२३ पासून केंद्राने आपल्या सतरा योजनांसाठी ते सक्तीचे केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये नियम पुन्हा बदलले. कार्डांना रंग आले: चाळीस टक्क्यांच्या खाली पांढरे, चाळीस ते ऐंशीच्या मध्ये पिवळे, ऐंशी आणि वर निळे. त्याच दुरुस्तीत प्रमाणपत्र देण्याची मुदत एका महिन्यावरून तीन महिने झाली. अर्जदारासाठी दस्तऐवजांची अट कडक आणि कार्यालयासाठी घड्याळ सैल, असा हा बदल. मला तो उलटा हवा होता.

एका ओळखपत्रावर देशभर काम व्हावे, प्रत्येक राज्यात, प्रत्येक योजनेला वेगळे कागद लागू नयेत, हा यूडीआयडीचा मूळ हेतू उत्तम आहे, त्यावर टीका करण्याचे कारण नाही. अडचण अंतराची आहे. वाडी रत्नागिरीच्या माणसाची तपासणी कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, ज्याला जिल्हा ‘सीपीआर’ म्हणून ओळखतो. त्याचे तहसील कार्यालय पन्हाळ्यावर. म्हणजे टक्क्यांसाठी डोंगर उतरून शहरात, आणि उत्पन्नासाठी डोंगर उतरून समोरचा दुसरा डोंगर चढून गडावर. पन्हाळा जोतिबाच्या टेकावरून दिसतो. दिसतो म्हणून जवळ वाटतो, पण कुबड्या घेऊन एसटी बदलत जाणाऱ्याचा पूर्ण दिवस त्यात जातो. सोबतीच्या माणसाचा रोज बुडतो तो वेगळा. सेतू केंद्रे आणि ऑनलाइन अर्ज आल्यापासून हे खेटे कमी झालेत, तरी एका चुकलेल्या स्पेलिंगने ते पुन्हा सुरू होतात. आधारवर ‘रामचंद्र’, प्रमाणपत्रावर ‘रामचंद’, बँकेत ‘रामचंद्र बाबू’. यंत्राला हे तीन वेगळे इसम.

तिसरी गाठ बँकेची आहे आणि ती सगळ्यांत कमी समजावून सांगितली जाते. आधी या योजनांचे पैसे तहसील कार्यालयामार्फत, याद्या करून, गावाजवळच्या बँकेत किंवा टपाल कार्यालयात जात. २०२४ च्या डिसेंबरपासून राज्याने ते थेट लाभ हस्तांतरणाने द्यायला सुरुवात केली. मुंबईहून थेट खात्यात. मधले हात गेले, मधली गळतीही गेली, हे मान्य. पण थेट हस्तांतरणात पैसे खाते क्रमांकाकडे पाहून जात नाहीत, ते आधार क्रमांकाकडे पाहून जातात. देशातल्या बँकांमधल्या किरकोळ व्यवहारांची यंत्रणा चालवणाऱ्या राष्ट्रीय पेमेंट महामंडळाकडे एक तक्ता असतो. त्यात प्रत्येक आधार क्रमांकापुढे एकच बँक लिहिलेली असते, जिथे शेवटची संमती दिली ती. समजा, एखाद्याचे पंधरा वर्षांचे खाते जिल्हा मध्यवर्ती बँकेत आहे. मधे कोणीतरी शिबिरात अंगठा घेऊन दुसऱ्या बँकेत शून्य शिलकीचे खाते उघडून दिले. पैसे आता त्या दुसऱ्या खात्यात जातात. हा इकडे पासबुक भरत राहतो आणि अनुदान बंद झाले म्हणून तहसीलला जातो. तहसीलच्या पडद्यावर ‘रक्कम अदा’ असे दिसते. दोघेही आपल्या जागी खरे बोलत असतात.

उपाय साधा आहे: बँकेत ‘आधार जोडले आहे का’ एवढे विचारून भागत नाही, ‘थेट हस्तांतरणासाठी माझ्या आधारपुढे सध्या कुठली बँक आहे’ हे विचारावे लागते. आधारच्या संकेतस्थळावरही ते दिसते. पण हे गावच्या कट्ट्यावर सांगणारा माणूस कुठल्या खात्याच्या पगारपत्रकावर आहे? तलाठ्याचे ते काम नाही, ग्रामसेवकाचे नाही, बँकेला रस नाही. शेवटी झेरॉक्सवाला सांगतो.

आणि ओळख पटवायला लागणारा अंगठा? कुष्ठरोगातून बरे झालेल्यांच्या बोटांवर ठसे उरत नाहीत, काहींची बोटेच उरत नाहीत. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाचा हात यंत्रावर स्थिर राहत नाही. अंध माणसाला मोबाइलच्या चौकटीत चेहरा आणता येत नाही. केवायसीच्या ॲपमध्ये जिवंत असल्याचा पुरावा म्हणून डोळे मिचकवायला सांगतात, आणि ॲसिड हल्ल्यात पापण्या गेलेल्या बाईने ते कसे करावे? हा प्रश्न खरोखरच सर्वोच्च न्यायालयात गेला. प्रज्ञा प्रसून आणि इतर विरुद्ध भारत सरकार या खटल्यात ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग ठरवला आणि केवायसीची पद्धत दिव्यांगांना जमेल अशी करण्यासाठी वीस निर्देश दिले. निकाल मोठा आहे. तो पन्हाळा तालुक्यातल्या ग्राहक सेवा केंद्रापर्यंत पोचायला किती वर्षे लागतील हा भाग वेगळा.

यावर एक आक्षेप हमखास येतो: खोटे दिव्यांग किती आहेत ते पाहा. आहेत. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून महाराष्ट्रात जे वादळ उठले ते सगळ्यांनी पाहिले. त्यानंतर संशयाची दिशा सरसकट सगळ्यांकडे वळली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाने जिल्हा परिषदांतल्या सर्व दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या ओळखपत्रांची फेरतपासणी करायला सांगितले. चाळीस टक्क्यांपेक्षा कमी किंवा बनावट निघाल्यास कारवाई, आणि दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम ९१ नुसार फसवून लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नोकरीतले आरक्षण, बदलीतली सूट यांसाठी खोटी प्रमाणपत्रे काढणाऱ्यांनी खऱ्या दिव्यांगांच्या जागा खाल्ल्या, त्यामुळे या तपासणीला दिव्यांग संघटनांतूनही पाठिंबा होता. मलाही ती योग्य वाटते. पण पगारदाराच्या तपासणीचे नियम निराधाराला लावले की हिशेब बिघडतो. पगारदाराकडे रजा असते, वकील असतो, युनियन असते. निराधाराचे अनुदान आधी थांबते आणि मग त्याने आपण खरे आहोत हे सिद्ध करायचे असते.

आंध्र प्रदेशात हे मोठ्या प्रमाणावर घडले. तिथल्या सरकारने २०२४ मध्ये दिव्यांगांचे निवृत्तिवेतन तीन हजारांवरून सहा हजार रुपये केले. महाराष्ट्रात आंदोलक जो आकडा मागत होते तोच. पुढच्या वर्षी तिथे फेरतपासणी सुरू झाली, टक्के कमी भरल्याच्या नोटिसा मोठ्या संख्येने निघाल्या, लोक रस्त्यावर आले आणि अपिलांचा निकाल लागेपर्यंत पैसे चालू ठेवण्याचे सरकारला जाहीर करावे लागले. वाढ आणि चाळणी यांची जोडी कशी चालते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही.

श्रीमंत देशांत हे वेगळे असेल असे वाटते. ब्रिटनमध्ये दिव्यांगांना रोजच्या जगण्यातल्या जादा खर्चासाठी ‘पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट’ मिळते. तिथे टक्क्यांऐवजी गुण देतात: स्वयंपाक, अंघोळ, कपडे घालणे अशा एकेका कामाला गुण, आणि बेरीज आठ झाली की मदत. मार्च २०२५ मध्ये तिथल्या मजूर पक्षाच्या सरकारने सुचवले की नुसती बेरीज चालणार नाही, निदान एका कामात चार गुण हवेत. ज्यांना चार कामांत दोन-दोन गुण होते ते एका फटक्यात बाहेर पडले असते. अब्जावधी पौंड वाचवायचे होते. दिव्यांगांनी आवाज उठवला, सत्ताधारी पक्षाचेच खासदार बंडाला उठले आणि १ जुलै २०२५ रोजी चर्चा चालू असतानाच सरकारने ते कलम मागे घेतले. काम करू न शकणाऱ्या नव्या अर्जदारांच्या आरोग्य-भत्त्यातली कपात मात्र मंजूर झाली. तिथली रक्कम आपल्या कितीतरी पट, पण भीतीची जात तीच: मी तोच आहे, माझे शरीर तेच आहे, आणि परवापर्यंत पात्र असलेला मी उद्या अपात्र, कारण कोणीतरी दूर बसून मोजपट्टी बदलली.

आपल्याकडची लढाई बहुतेक रकमेची झाली. जून २०२५ मध्ये आंदोलकांचे नेते बच्चू कडू यांनी गुरुकुंज मोझरीला उपोषण केले तेव्हा शेतकऱ्यांच्या कर्जमाफीबरोबर दिव्यांगांना महिना सहा हजार ही मागणी होती. मिळाले अडीच हजार. दिवसाचे ८३ रुपये. कायद्याने पाहिले तर ही वाढ उशिराच झाली. दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम २४ मध्ये एक वाक्य आहे, ज्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष नसते: दिव्यांगांना द्यायची मदत तशाच प्रकारच्या इतर योजनांपेक्षा निदान २५ टक्के जास्त असावी. कारण उघड आहे. तेवढ्याच गरिबीत दिव्यांग माणसाला जगायला जास्त खर्च येतो: रिक्षा, कुबडीचे रबर, औषध, सोबतीचे तिकीट. जुलै २०२३ पासून सगळ्या निराधारांना सरसकट १,५०० रुपये मिळत होते. कलमाप्रमाणे दिव्यांगांना तेव्हाच किमान १,८७५ मिळायला हवे होते. २०२५ च्या वाढीने हे अंतर भरून निघाले, उलट कायद्याच्या किमान मर्यादेच्या बरेच पुढे गेले. राज्याने हे केले याचे श्रेय द्यायला हवे. केंद्राचा वाटा मात्र महिना ३०० रुपयांवर २०१२ पासून गोठलेला आहे. तीनशे रुपयांत आज जोतिबावर यथास्थित पूजेचे साहित्यही येत नाही.

वाढ जाहीर झाली तेव्हा दोन्ही योजनांत मिळून सुमारे पावणेपाच लाख दिव्यांग लाभार्थी होते, आणि वर्षाला ५७० कोटी रुपये जादा लागणार होते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग मोजले गेले होते, तेही सात-आठ प्रकारच विचारून. त्यात मुले आहेत, नोकरदार आहेत, सुस्थितीतले आहेत, हे धरूनही सहातल्या एकालाच अनुदान पोचते हे प्रमाण कमीच वाटते. उरलेल्यांतले किती जण पात्र असून कागदापाशी अडले, हे सांगणारी गणना कोणी केलेली नाही.

जे यादीत आहेत त्यांच्यातही एक बारीक मेख आहे. वाढीव हजार रुपये ‘दिव्यांग’ म्हणून नोंदलेल्यांनाच. एखादी बाई अंध आहे आणि विधवाही आहे. दहा वर्षांपूर्वी तिचे प्रकरण विधवा म्हणून मंजूर झाले, कारण तो दाखला लवकर मिळाला. आज तिची नोंद विधवांच्या गटात आहे, म्हणून तिला दीड हजारच. नोंद बदलायची तर यूडीआयडी हवे, म्हणजे पुन्हा सीपीआर. शिवाय दुहेरी लाभाची भीती आहेच. लाडकी बहीणच्या पडताळणीत फेब्रुवारी २०२५ मध्ये जी पाच लाख नावे वगळली, त्यांतली २ लाख ३० हजार संजय गांधी योजनेच्या लाभार्थी महिलांची होती. दोन योजनांचे पैसे एका बाईला नकोत, हा नियम आधीपासून होता. पण फॉर्म भरून घेणाऱ्या किती जणांनी तो तिला वाचून दाखवला? तेव्हापासून एक समजूत पसरली की कुठल्याही नव्या फॉर्मवर सही केली तर जुने बंद पडते. त्यामुळे हक्काची नोंद बदलायलाही बायका कचरतात.

नोकरीचेही तेच. कोल्हापूरला दिव्यांगांच्या पुनर्वसनाची मोठी परंपरा आहे. सोळाव्या वर्षी कमरेखालचे शरीर निकामी झालेल्या नसीमा हुरजूक यांनी सीमाशुल्क खात्यात नोकरी करत करत १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. वसतिगृह, शाळा, शिवण, काजूप्रक्रिया, चाकाच्या खुर्च्या बनवणे: दिव्यांगांना हाताला काम द्यायचे, हा तिचा कणा. त्यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन महाराष्ट्रात घरोघरी वाचले गेले. काम हाच सन्मान, हे कोल्हापूरने पाहिलेले आहे. पण अनुदानाची रचना नेमकी कामाच्या आड येते. घराचे उत्पन्न वर्षाला पन्नास हजारांच्या वर गेले की अनुदान संपते, एका रुपयाने गेले तरी. महिना सहा हजारांची, कधीही सुटू शकणारी दुकानातली नोकरी आणि महिना अडीच हजारांचे त्यातल्या त्यात भरवशाचे अनुदान यांत माणसाने काय निवडावे? नोकरी गेली तर अनुदान पुन्हा मंजूर व्हायला वर्ष लागेल, हे त्याला माहीत असते. कमाई वाढेल तसे अनुदान हळूहळू उतरत गेले, किंवा नोकरी सुटल्यास जुने प्रकरण आपोआप जागे झाले, तर ही कोंडी सुटेल. दोन्हींसाठी पैसा फारसा लागत नाही, शासन निर्णय लागतो.

मंजुरीचा विषय निघालाच आहे तर तालुक्याच्या समितीबद्दल. संजय गांधी योजनेची प्रकरणे तालुका पातळीवरची समिती मंजूर करते. तिचा अध्यक्ष अशासकीय, पालकमंत्र्यांच्या पसंतीचा, आणि तहसीलदार सचिव. सरकार बदलले की समित्या बरखास्त होतात, नव्या नेमायला महिने जातात, त्या काळात काम अधिकाऱ्यांवर. त्यामुळे मुंबईतली सत्तांतरे डोंगरावरच्या माणसाला वर्तमानपत्राआधी आपल्या अर्जाच्या वेगावरून कळतात. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा तो वेगळाच. अंथरुणाला खिळलेल्याने आपण जिवंत आहोत हे सांगायला घराबाहेर पडावे, ही अट ज्याने प्रथम लिहिली त्याच्या विनोदबुद्धीची दाद द्यावी लागेल. आता बऱ्याच ठिकाणी तलाठी किंवा पोस्टमन घरी येऊन हे करू शकतात. करतात का, ते त्या त्या माणसावर.

ज्याचे अनुदान थांबले किंवा टक्के कमी लागले, त्याच्या हातात काय आहे? प्रमाणपत्राविरुद्ध अपील करता येते, दिव्यांग हक्क अधिनियमाचे कलम ५९ त्यासाठीच आहे. फेरतपासणी मागता येते. पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे, आणि राज्य आयुक्ताकडे तक्रार साध्या कागदावरही चालते, वकील लागत नाही. अनुदान का थांबले याचे लेखी कारण तहसीलदारांकडे मागावे. तोंडी उत्तरावर अपील होत नाही.

आणखी एक पैसा गावातच असतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका यांनाही तेच बंधन. ज्या गावात भाविक येतात, दुकाने आहेत, घरपट्टी बरी आहे, तिथे ही रक्कम नगण्य नसते. तिच्यासाठी मुंबईचे पोर्टल लागत नाही. गावातल्या दिव्यांगांची यादी ग्रामपंचायतीत असायला हवी आणि त्या वर्षीचा खर्च ग्रामसभेत वाचून दाखवायला हवा. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. प्रश्न लेखी द्यावा, पोच घ्यावी, आणि इतिवृत्तात तो उतरला का ते सही करण्याआधी पाहावे.